भांडं रिकामं देऊ नये

मुहर्रकच्या त्या गल्लीत आम्ही नवे होतो.
डिनर सेट खोक्यातच होता, बत्तीस नग, निळी वेलबुट्टी,
"परत जाताना नेऊ," हे म्हणाले होते,
आणि जेवत होतो मेलामाइनच्या तीन ताटल्यांत,
त्यातली एक हळदीनं कायमची पिवळी.

रोज्यांचे दिवस. सूर्य बुडायच्या जरा आधी दार वाजलं.
नौफ, सात वर्षांची, दोन्ही हातांत वाडगं,
वाडग्यात हरीस, हरिसावर तुपाचं तळं.
"आजीनं," एवढंच मला कळलं, आणि ती पळाली.

पांढरं चिनी वाडगं, काठाला सोन्याची रेघ.
मी तारेच्या घासणीनं घासलं
आणि रेघ एका जागी गेली. बोटभर.
मग शिकले:
हरीस चिकटतं, त्याला कोमट पाण्यात भिजू द्यावं,
मऊ फडक्यानं पुसावं,
मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही, ठिणग्या उडतात.
हे सगळं दुसऱ्या दिवसापासून.
पहिल्या दिवशी उडालेली जागा माझ्याकडे वळवून
मी वाडगं परत नेलं, आत शिरा घालून.
भांडं रिकामं देऊ नये, हे माझ्या आईचं.
त्यांच्या आईचंही तेच निघालं.

उम्म गानिमनी काठ बघितला,
मग शिरा बघितला,
आणि मला आत बसवलं.

त्या भेटीत मी सात फिंजान कहवा प्यायले.
त्या ओतत राहिल्या, मी संपवत राहिले.
पानात टाकू नये, वाढणाऱ्याचा हात अडवू नये,
फ्रॉकच्या वयापासून अंगात मुरलेलं.
सातव्याला त्यांनीच माझं मनगट धरलं,
रिकामा पेला दोनदा हलवून दाखवला.
असं. म्हणजे पुरे.
त्या रात्री मी छताचे सगळे तडे मोजले.

मृण्मयी डावखुरी.
चिपळूणला तिच्या डाव्या हाताला
एकदा रुमाल बांधला होता, जेवण होईपर्यंत.
इथे सुफ्र्यावर एका थाळीभोवती आठ जणी,
आणि हिचा डावा हात थेट भातात.
मी डोळे वटारले.
उम्म गानिमनी हामूरच्या गालाचा तुकडा,
सगळ्यात मऊ असतो तो,
काटा काढून तिच्यापुढे ठेवला.
तिच्या डाव्या बाजूला.
बोलल्या काही नाहीत.

एका ईदला माझा स्टीलचा डबा तिकडे गेला, करंज्या घेऊन.
झाकणावर मशीननं कोरलेलं:
चि. मृण्मयीच्या बारशानिमित्त, माटे परिवार.
त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं,
काय लिहिलंय, विचारलं.
"मुलीचं नाव."
बाकीचं मला अरबीत सांगता आलं नसतं.
डबा परत आला नाही. मी मागितला नाही.
वाडगं मात्र जातयेत राहिलं,
बलालीत, साबुदाण्याची खिचडी, लुकैमात, अळूवडी,
अकरा वर्षं,
आणि दर वेळी मी ती उडालेली जागा माझ्याकडे वळवून दिली,
दर वेळी ती त्यांच्याकडे वळलेली परत आली.

शेवटचं वाडगं इकडे आलं तेव्हा त्या आजारीच होत्या.
म्हणजे देणं माझ्याकडे.

परवा तिसऱ्या दिवशी बसायला गेले.
वाडग्यात काय घालावं ते सुचेना.
शिरा? शिरा कसा नेणार?
तांदूळ धुतले, तसेच ठेवले.
शेवटी वाडगं ओट्यावर आणि मी उंबऱ्यात,
हात कुठे ठेवावेत कळेना.

बायका भिंतीकडेनं बसलेल्या, काळ्या अबायांत.
स्वयंपाकघराचं दार उघडं होतं.
नौफ, आता अठराची,
एका डब्याचं झाकण काढत होती.
झाकण मी लांबून ओळखलं.
आत वेलची, काठोकाठ.

ती दल्ला घेऊन माझ्यापाशी आली.
ओतलं. मी प्यायले.
पुन्हा ओतलं.
मग ती थांबली, माझ्या हाताकडे बघत.

मी पेला हलवला नाही.